अल नहदाचे थडगेकाका

थडगेकाका रोज सकाळी नऊच्या ठोक्याला मेलेल्या माणसांना भेटायला बसत, आणि बसताना इस्त्रीचा शर्ट घालत. खाली घरातला चट्ट्यापट्ट्यांचा लेंगाच असे, ती गोष्ट वेगळी. पण शर्टाची वरची गुंडी लावलेली, केस पाण्याने चापून बसवलेले, चष्मा पुसलेला. समोर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर आयर्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चच्या आवारातलं, शेवाळाने भरलेलं एखादं थडगं. मी एकदा विचारलं, “काका, घरातल्या घरात एवढा थाट कशाला?” तर म्हणाले, “अगं मीनल, शंभर-दीडशे वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं नाव घेणार. ते काय बनियनवर घ्यायचं?”

त्यांचं खरं नाव रघुनाथ पेडणेकर. मूळचे रत्नागिरीचे. रास अल खैमातल्या एका सिमेंट कारखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर, अबू धाबीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या व्हिसावर, काकूंसह शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आमचं अल नहदा म्हणजे टॉवरला टॉवर चिकटलेला भाग; रस्ता ओलांडला की दुबई. इथे शेजारी कोण राहतं ते फोडणीच्या वासावरून ओळखायचं, बेल वाजवायची पद्धत नाही. मी लहानपणापासून शारजात वाढलेली, मलाही तीच सवय. काकांनी मात्र राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी बेल वाजवली आणि माझ्या लेकीला, ईराला, एका फोटोतलं अक्षर ओळखायला लावलं. तिने ते ओळखलं. मग फोटो कशाचा आहे ते कळल्यावर “दॅट्स सो क्रीपी!” म्हणून किंचाळली, आणि आठवड्याभरात इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव थडगेकाका ठेवून टाकलं. काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते चक्क खूश झाले. म्हणाले, “कारखान्यात तीस वर्षं मला नुसतं ‘ओ ड्रॉइंग’ म्हणायचे. हे त्यापेक्षा बरंय.”

हा उद्योग त्यांच्या गळ्यात घातला नोराबाईंनी. नोराबाई आयरिश. काकांच्याच कारखान्यात बारा वर्षं ऑफिस सांभाळायच्या. लग्न केलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी काकूंच्या हातचे पोहे खायला यायच्या आणि मिरची लागली की डोळे पुसत पुसत “लव्हली” म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्या आयर्लंडला गेल्या त्या थेट आपल्या आजीच्या गावी. आजी त्यांनी पाहिलेली नव्हती आणि गावात त्यांचं जिवंत माणूस एकही नव्हतं. पण आजी तिथल्या चर्चच्या जुन्या आवारात कुठेतरी पुरलेली आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि नेमकी कुठे ते शोधायचं होतं. म्हणून गावातल्या मंडळींबरोबर त्यांनी तिथल्या सगळ्या थडग्यांवरचे लेख उतरवून घ्यायचं काम अंगावर घेतलं. दगड पावसाने खाल्लेले, दर वर्षी थोडी थोडी अक्षरं जाणारी. फोटो काढून झाले, पण निम्मे कुणालाच वाचता येईनात. तेव्हा नोराबाईंना आठवण झाली ती चहा सांडलेले, सिमेंटची धूळ बसून पुसट झालेले नकाशे नुसते तिरके धरून वाचणाऱ्या पेडणेकरांची. त्यांनी ईमेलने अकरा फोटो पाठवले. काकांनी नऊ वाचून परत केले. त्यानंतर जी रांग लागली ती पाच वर्षं संपली नाही. त्या गावाचं नाव काकांनी चार प्रकारांनी उच्चारून पाहिलं, चारही प्रकार चुकीचे निघाले, तेव्हापासून ते ‘नोराबाईंचं गाव’ म्हणायला लागले.

कामाची रीत पक्की होती. फोटो मोठा करायचा, काळापांढरा करायचा, उलटा करून बघायचा. मग पडद्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवून जेवढी रेघ दिसते तेवढीच पेन्सिलने काढायची आणि रिकाम्या जागा रिकाम्या ठेवायच्या. “दिसतं ते लिहायचं, वाटतं ते लिहायचं नाही,” हे त्यांचं ब्रीद. मी एकदा सहज म्हणून गेले, “एम, ए, आर एवढं दिसतंय म्हणजे मेरीच असणार ना?” काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू खांब उभे न करताच स्लॅब टाकायला निघाले होते. “मार्गारेट असेल. मार्था असेल. मार्टिन नावाचा दाढीवाला बाप्या असेल. तू त्याला लुगडं नेसवायला निघालीस!”

फोटो कसे काढावेत याच्याही सूचना ते पाठवत. भिंतीचं प्लास्टर तपासताना बॅटरी भिंतीला टेकवून धरतात, तसा उजेड बाजूने पडला तर झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. म्हणून त्यांनी नोराबाईंना लिहिलं, की फोटो सकाळी नाहीतर संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढावेत. नोराबाईंचं दोन शब्दांचं उत्तर आलं, “कुठलं ऊन?” आमच्याकडे तेव्हा ऑगस्ट चालू होता. पार्किंगपर्यंत जाताना चपला डांबराला चिकटत होत्या. काकांनी खिडकीबाहेर बघत उत्तर पाठवलं, की आमच्याकडे जास्तीचं शिल्लक आहे, कार्गोने पाठवतो. शेवटी तिकडच्या मंडळींनी छत्रीखाली उभं राहून बॅटरीने काम भागवलं.

एकट्याचं वाचन ते खरं मानत नसत. कारखान्यात नकाशा काढणारा एक आणि तपासणारा दुसरा असे. इथे तपासणारा मिळेना, म्हणून लिफ्टमध्ये सापडेल त्याला ते धरत. आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, केरळातल्या मलप्पुरमचा. तो पाण्याच्या बाटल्या घेऊन वर आला की काका त्याला फोटो दाखवत. “बोलो हबीबी, ये तीन है के आठ?” तो बिचारा बाटली खांद्यावर तशीच ठेवून बघे आणि म्हणे, “आठ. लेकिन अंकल, ये आदमी तो मर गया ना? अभी तीन हो, आठ हो, क्या फरक?” काका म्हणत, “तेरे पासपोर्ट में तीन का आठ कर दूँ? चलेगा?” त्यावर तो बाटली खाली ठेवून पुन्हा नीट बघायला लागे.

एकदा त्यांना दुबईतल्या देऱ्याच्या बाजारातून ट्रेसिंग पेपर आणायचा होता, म्हणून मी ऑफिसला जाताना त्यांना गाडीत घेतलं. सकाळच्या वेळी शारजातून दुबईत शिरणं म्हणजे सव्वा तास ब्रेकवर पाय. तेवढ्यात काकांनी मला एका विधवेची हकिकत सांगितली. नवरा, तीन मुलगे, मग सून, सगळ्यांची नावं एकाच दगडावर एकाखाली एक, आणि तळाशी तिच्यासाठी सोडलेली कोरी जागा. “तिचं नाव घालायला कुणी उरलंच नाही गं,” काका म्हणाले आणि देऱ्याला उतरून गेले. मी ऑफिसात पोचले ती डोळे लाल करून. साहेबाने घाईघाईने पाणी दिलं, “एव्हरीथिंग ओके?” विचारलं. आयर्लंडमधली एक बाई गेली, असं मी सांगितलं. कधी, असं त्याने विचारलं. मी विमा कंपनीत क्लेम तपासते, तारखेच्या बाबतीत खोटं बोलायची सवय नाही. एकशेचाळीस वर्षं झाली, म्हणून सांगितलं. तेव्हापासून साहेब माझ्याशी जरा जपून बोलतो.

काकूंनी हे सगळं कसं सोसलं असेल, असा प्रश्न पडायचं कारण नाही. त्यांनी ते सोसलं नाही, त्या रोज समोरून वार करत. कणीक तिंबताना आतून विचारत, “आज कोण आलंय?”

“पॅट्रिक. बेचाळिसाव्या वर्षी गेला बिचारा.”

“चहा टाकू का त्याला? की तोही तुमच्यासारखा बिनसाखरेचा घेतो?”

एका दिवाळीला मी दोघांना फराळाला बोलावलं होतं. काकांनी करंजीला हात लावला नाही. चेहरा पडलेला. त्या दिवशी सकाळी त्यांनी एका कुटुंबाचा दगड पुरा केला होता; एका महिन्यात चार मुलं, सगळी दहाच्या आतली. काकू म्हणाल्या, “अहो, दीडशे वर्षं झाली त्याला!” काका म्हणाले, “बातमी आज आली. सुतक कळल्यापासून धरतात.” काकूंनी लगेच पुढचं मांडलं. “मग यंदा दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा सगळं खलास. साडेसहाशे दगड आहेत तिथे!” काकांनी बोटांवर हिशोब केला आणि मग चकली घेतली. तिखटाला हरकत नसते म्हणाले.

काकांचा खरा अभिमान म्हणजे तुटलेले दगड. तिकडे एका वादळात मोठं झाड आडवं झालं होतं आणि त्याने पुष्कळ दगड मोडले होते. तुकडे आवाराच्या भिंतीला टेकवून ठेवलेले. कुठला तुकडा कुठल्या दगडाचा, हे काकांनी शारजात बसून, फोटोंवर मापं घेऊन ठरवलं. तीस तुकडे जोडले. प्रत्येकाचा नकाशा काढला आणि खाली सही केली. गावातल्या समितीने ते नकाशे जसेच्या तसे नोंदवहीत घातले. “तीस वर्षांत माझ्या चुकीपायी माझ्या ड्रॉइंगला एकही रिव्हिजन निघालं नाही,” असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. काकू आतून म्हणत, “घरातल्या चुकांना रिव्हिजन नसतं म्हणून.”

त्या तीसमध्ये एक तुकडा होता, त्यावर लिहिलेलं होतं, ‘होनोरा, वाइफ ऑफ एम. कलन’. आवाराच्या उत्तरेला कलन घराण्याचा मोठा दगड होता, त्याचा खालचा भाग मोडलेला. काकांनी तुकडा तिथे जोडला. नकाशा पाठवल्यावर नोराबाईंनी ईमेल न लिहिता थेट फोनच केला. होनोरा म्हणजे त्यांची आजी. पहिल्या बाळंतपणात गेलेली. नवरा तान्ह्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेला, दुसरं लग्न करून तिकडचाच झाला. ती लेक म्हणजे नोराबाईंची आई. तिला मरेपर्यंत आपल्या आईची जागा सापडली नव्हती. नोराबाई फोनवर रडत होत्या, काका “डोंट क्राय, डोंट क्राय” म्हणत स्वतः रडत होते. त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या आठही घरांत जिलबी गेली. निमित्त काय म्हणून विचारणाऱ्यांना काका सांगत होते, “आजी सापडली.” लोक समजले की काकांचीच कुणी म्हातारी मॉलमध्ये चुकली होती. त्यांनी अभिनंदन करून जिलबी खाल्ली.

त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारीत, नोराबाईंची एक ईमेल आली. काकांनी ती मला वाचायला दिली, कारण त्यांना पुढे वाचवेना. नोराबाईंना कॅन्सर झाला होता आणि डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितले होते. त्याबद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली होती. बाकीचं पत्र आजीबद्दल होतं. त्यांना आजीजवळ निजायचं होतं. ते जुनं आवार नव्या दफनांना बंद होतं. ज्याच्या घराण्याचं थडगं आधीपासून तिथे आहे आणि त्या घराण्यातलं कुणी हरकत घेत नाही, त्यालाच जागा मिळे. नोराबाईंनी काकांचा नकाशा जोडून अर्ज केला होता. आणि कलन मंडळींनी हरकत घेतली होती. आमच्या घरात होनोरा नावाची कुणी कधी नव्हती, हे एम. कलन आमच्यापैकी नव्हेत, आमच्या थडग्यात परकं माणूस नको. पुढच्या गुरुवारी समिती बसणार होती आणि ती ‘नाही’ म्हणणार हे नोराबाईंना दिसत होतं. शेवटी लिहिलं होतं, “आजीने मला घेतलं असतं. हे लोक घेत नाहीत.”

काकांचा संताप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. “सुनेला ओळख दाखवत नाहीत! मेलेल्या सुनेला! मीनल, टाइप कर.” शनिवारची सकाळ होती, मी त्यांच्या टेबलाशी बसून टाइप करत होते. काका मराठीत सांगत होते आणि मी त्यातले शब्द सौम्य करून इंग्रजीत घालत होते. ‘निर्लज्ज’चं मी ‘अनफॉर्च्युनेट’ केलं. ‘माणसं आहात की कोण’ हे तर गाळूनच टाकलं. काकू पलीकडे कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, “गेली कशात म्हणालात ती?”

“बाळंतपणात.”

“पहिल्या?”

“हो, पहिल्याच.”

“मग ती सासरच्यांत कशाला असेल? पहिलं बाळंतपण माहेरी असतं.”

“अगं, ते आपल्याकडे. तिथे काय असतं कुणास ठाऊक,” काका वैतागून म्हणाले.

“तिथलं तुम्हाला ठाऊक नाही ना? मग तिला नवऱ्याच्या आडनावाच्या दगडाला कुणी नेऊन चिकटवलं? तिथल्या लोकांनी की तुम्ही?”

काकू कोथिंबिरीवरून नजर न काढता बोलत राहिल्या. “संजयच्या वेळी मी चिपळूणला होते, बाबांकडे. तुम्ही इथे, रास अल खैमाला. मुलगा झाल्याचं तुम्हाला दहा दिवसांनी कळलं. मी गेले असते, तर बाबांनी मला काय तुमची वाट बघत ठेवलं असतं? लग्न लावून दिलं म्हणून बाप मेलेली लेक दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो का हो? त्यांनीच मला नेलं असतं. रडत रडत नेलं असतं.” मग त्यांनी विचारलं, “तिचं माहेरचं आडनाव काय होतं?”

“टिअर्नी,” काका म्हणाले. “नोराबाईंनी कुठल्याशा कागदावरून काढलं होतं.”

“त्यांचा दगड आहे का तिथे?”

“आहे. भिंतीजवळ. बापाचाच आहे बहुतेक.” काकांचा आवाज एकदम खाली आला. “मोडलेला आहे. खालचा तुकडा मिळाला नाही, असं मी लिहिलंय.”

काकांनी आपला जुना नकाशा काढला. मी तो आधी शंभरदा पाहिला होता, पण त्या दिवशी त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला कळलं. कलनांचा दगड आणि तो तुकडा यांच्यामध्ये त्यांनी तुटक रेघ काढली होती. नकाशात तुटक रेघेचा अर्थ, इथे दिसत नाही पण आहे असं धरलेलं आहे. तीस सांध्यांपैकी एकोणतीस सांधे सलग रेघेचे होते. हा एकच तुटक. कडा जुळत नव्हत्या, त्यांनी त्या पावसाने झिजल्या असं धरलं होतं, कारण बाई कलनांची बायको होती आणि दिलेली लेक सासरीच असणार, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. वाटलं ते त्यांनी लिहिलं होतं.

ते उठले, खालच्या टायपिंग सेंटरमधून दोन्ही दगडांचे आणि तुकड्याचे फोटो एका मापात छापून आणले आणि टेबलावर कात्रीने कापायला बसले. काकूंनी कात्री त्यांच्या हातातून घेतली आणि तुकडा कापला. कलनांच्या दगडाखाली तो धरला. दोन बोटं फट राहिली. मग टिअर्नींच्या दगडाखाली सरकवला. तो बसला. मोड एका ओळीच्या मधोमध गेली होती. अक्षरांची डोकी वरच्या दगडावर होती आणि पाय तुकड्यावर. डोकी इतकी झिजली होती की ती आजवर सगळ्यांना ओरखडे वाटली होती. पायांना लागल्याबरोबर ती अक्षरं झाली आणि ओळ पुरी झाली. ‘ऑल्सो हिज डॉटर’. आणि त्याची लेक.

काका काकूंना म्हणाले, “तू कारखान्यात चेकर असतीस तर माझी नोकरी गेली असती.”

“मला कुणी विचारलं होतं?” काकू म्हणाल्या.

आता खरी पंचाईत होती. चूक कबूल करायची ती लेखी, समितीपुढे, आणि गुरुवारच्या आत. मी म्हटलं, फार खुलासा नको, नवा नकाशा पाठवून द्या, ‘नवीन माहितीनुसार’ असं लिहा, सगळी ऑफिसं तसंच लिहितात. काकांनी मला हाताने थांबवलं. नव्या नकाशाच्या कोपऱ्यात त्यांनी ‘रिव्हिजन ए’ असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘ड्राफ्ट्समनची चूक’. आयुष्यातलं पहिलं रिव्हिजन. मग त्यांनी सांगितलं ते पत्र मी या वेळी जसंच्या तसं इंग्रजीत केलं, एक शब्द सौम्य न करता. “मान्यवर समितीस, तुमच्या गावातल्या एका बाईला मी तिला न विचारता सासरी पाठवलं. ती वडिलांकडे होती. आमच्याकडे मुली लग्नानंतर सासरच्या होतात, म्हणून मला तसं वाटलं. कलन कुटुंबाची मी माफी मागतो, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तुकडा उचलून टिअर्नींच्या दगडाला लावून बघावा. माझ्या चुकीची शिक्षा नोराबाईंना देऊ नये.”

बुधवारी फोटो आला. भर पावसात रेनकोट घातलेले दोन म्हातारे तो तुकडा टिअर्नींच्या दगडाला टेकवून धरून उभे होते आणि लहान मुलांसारखे हसत होते. टिअर्नींपैकी हरकत घ्यायला मागे कुणीच नव्हतं, सगळे कधीच अमेरिकेला गेलेले. गुरुवारी समितीने परवानगी दिली. नोराबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. काकांनी फोन काकूंकडे दिला. दोघींचं इंग्रजी जेमतेम जुळायचं, पण काकूंनी सांगितलं ते मला नीट ऐकू आलं. “नोरा, यू गो टू मदर्स हाउस. गुड. रेस्ट.”

नोराबाई एप्रिलमध्ये गेल्या. तिकडच्या चर्चमध्ये कॅमेरा लावलेला असतो, म्हणून आम्ही तिघांनी तो विधी टेबलाशी बसून पाहिला. काही दिवसांनी समितीचं पत्र आलं. दगडावर नोराबाईंचं नाव घालायचं होतं, आणि खालचं अक्षर वरच्या अक्षराला मिळतं हवं होतं. त्या दगडाचं प्रत्येक अक्षर ज्याने रेघेरेघेने उतरवलेलं आहे असा जगात एकच माणूस होता. तेव्हा कारागिरासाठी ती ओळ त्यांनीच आखून द्यावी, अशी विनंती होती. ‘आणि तिची नात नोरा’, एवढीच ओळ. काकांनी तिला अकरा दिवस लावले. नऊ कागद फाडले. दोन अक्षरांमधलं अंतर केसभर इकडे की तिकडे, यावरून जेवण थंड होऊ लागलं. काकू मला म्हणाल्या, “आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव चुकलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते, चालतंय.”

पुढच्या वर्षी संजयला कॅनडात नोकरी लागली. त्याचा व्हिसा संपला तसा आईवडिलांचाही संपला. पस्तीस वर्षं या वाळूत काढलेली दोन माणसं तीन बॅगा घेऊन रत्नागिरीला निघाली. विमानतळावर मी रडले. काका म्हणाले, “यल्ला, चल, रडू नको, व्हॉट्सॲप आहे.” तिकडूनही ते मला फोटो पाठवत राहिले. हा पाच आहे की सहा? मी दुबईच्या वाटेवर, ब्रेकवर पाय ठेवून, उत्तरं देत राहिले. गेल्या पावसाळ्यात फोटो यायचे थांबले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत, असं काकूंनी कळवलं. मला ती बातमी ऑफिसात मिळाली. साहेबाने या वेळी तारीख विचारली नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत मी रत्नागिरीला काकूंना भेटायला गेले. हॉलमध्ये काकांचा फोटो होता, त्याला हार. आणि शेजारी, तशाच चौकटीत, तेवढाच मोठा, एका शेवाळलेल्या थडग्याचा फोटो. त्यालाही हार. मी बसलेली असतानाच काकूंच्या नात्यातल्या कुणी वयस्कर बाई आल्या. काकांना हात जोडून झाल्यावर त्या दुसऱ्या फोटोपाशी थबकल्या. चष्मा वर करून त्यांनी शेवटची इंग्रजी ओळ एकेक अक्षर लावत वाचली, आणि जरा घाबरूनच विचारलं, “नोरा? ही कोण गं? हिला कशाला हार घातलायस?”

“नाव कशाला वाचतेस?” काकू म्हणाल्या. “अक्षर बघ. यांचं आहे ते.”